टोचणावळ

भिंतीला कान असतात, एवढंच शिकवलं होतं आम्हाला.
ते कान बसवतं कोण, मजुरी कोण भरतं,
हे मी आयोवात शिकले,
ऑस्टरडाल टेलिफोन सहकारी संस्थेचे हिशेब लिहिताना.
एक हजार दोनशे सहा जोडण्या, दोन चर्च, मक्याचं कोठार,
आणि एक दंतवैद्य, जो फक्त गुरुवारी येतो.

कोटेशन मार्चमध्ये आलं.
नवा एअरकंडिशनर आणि वाहतूक, यांच्या मधे
एक बारीक ओळ: कायदेशीर श्रवणाची सोय.
चौऱ्याण्णव हजार डॉलर.
मला वाटलं, एक शून्य चुकून पडलंय. फोन केला.
विक्रेता म्हणाला, शून्य बरोबर आहे, मॅडम.
जुन्या यंत्रांचे पैसे सरकार देतं,
तुमचं यंत्र ठरलेल्या तारखेनंतरचं.
किती नंतरचं?
अकरा आठवडे.

सोनारानेच कान टोचावे, कबूल.
पण ज्याचे कान, टोचणावळही त्याचीच ना?

सभा चर्चच्या तळघरात. पातळ कॉफी, लिंबाच्या वड्या.
आर्विड टॉलेफसन उभा राहिला, वय एक्याऐंशी,
टोपी हातात.
"बावन्न साली खांबांचे खड्डे माझ्या बापाने खणले.
तेव्हा आठ घरांत एकच तार.
कुणाचीही घंटी वाजो, डोलोरेसची आई उचलायची.
सगळं ऐकायची. फुकट.
आणि आम्हाला कळायचं,
कारण तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
तारेतून टिकटिकायचं.
आम्ही म्हणायचो, मिसेस क्वाम, ठेवा आता, दूध उतू जाईल.
ती ठेवायची."
लोक हसले. डोलोरेसही हसली, जरा उशिराच.
"या चौऱ्याण्णव हजारांत," आर्विडने विचारलं,
"घड्याळ आहे का?"

हे इतिवृत्तात नाही.
इतिवृत्तात एवढंच: सोय न केल्यास
दंड दिवसाला दहा हजारांपर्यंत. ठराव मंजूर.

भागाकार माझ्याकडे आला.
दर जोडणीला महिना अडतीस सेंट,
सतरा वर्षं आणि वर एक महिना.
(यंत्र दहा वर्षांत भंगारात जाईल. तेही मी लिहिलं होतं, पेन्सिलीने.)
बिलावर नाव काय द्यायचं?
ड्वेन, आमचा मॅनेजर, म्हणाला, "नियामक वसुली".
कुणाला कळणार नाही, म्हणून कुणी विचारणार नाही.
लायला ब्रेक्के तेवढी दर महिन्याला विचारते.
मी सांगते. ती म्हणते, बरं, आणि चेक पाठवते.

चार वर्षं हिरवा दिवा जागा राहिला, काम नसलेल्या पहारेकऱ्यासारखा.
मग ऑक्टोबरात एक बंद पाकीट आलं.
ड्वेनने दार लावून घेतलं.
माझ्यापर्यंत फक्त आकडे पोचले:
अकरा दिवस, तंत्रज्ञाचे इतके तास.
हा खर्च मात्र सरकारचा.
मी इन्व्हॉइस केलं. एकतिसाव्या दिवशी पैसे जमा.

नाव मला माहीत नाही. माहीत असायलाही नको.
पण खातेवही माझ्याच हातातली, आणि ती सांगते की
त्या महिन्यात गावात एकही बिल थकलं नव्हतं.
म्हणजे ज्याचं ऐकलं, त्यानेही
आपले अडतीस सेंट वेळेवर भरले होते.

रविवारी मी चिपळूणला बहिणीशी बोलते.
आमसुलं कशी दिली, टाकी गळायची थांबली का,
मुलीचं ठरतंय की नाही.
परवा मधेच गप्प झाले.
हॅलो, ती ओरडली, लाइन गेली का गं?
नाही, म्हटलं, घड्याळ ऐकत होते.

कुणाचं? तिने विचारलं.