सोळा गेज

वैशाख सरला की आमचा ऑर्केस्ट्रा
ट्रंकेत जातो.
जत्रा उरकल्या, हळदी उरकल्या,
बोरगावच्या उरुसाचे राहिलेले पैसे
उद्या देतो म्हणत अजून उद्यातच आहेत.
मी गिटारच्या पेटीला कुलूप घालतो,
चावी बायकोकडं देतो
आणि मिरजेच्या आमच्या बोळात पोतं अंथरून
येझदी खोलायला बसतो.

अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल,
साखर कारखान्यातल्या एका टाइमकीपरनं वापरून वापरून
माझ्या गळ्यात मारलेलं.
हिची किक आणि गिअर एकच दांडी.
उभी करून मारली की किक,
आत दाबून पुढं पाडली की गिअर.
मीही ऑर्केस्ट्रात तसाच,
सोलो वाजवून झाला की वायरी गुंडाळतो.

पॉइंटचा गॅप बघायला भूपाल मिस्त्रीकडं पट्टी असते.
माझ्याकडं तुटलेली दुसरी तार.
सोळा गेज.
बरोबर बसते, ना सैल ना घट्ट.
जेट साफ करायला पहिली, बारा नंबरची,
म्हैसाळला ऐन मुखड्यात तुटलेली.
तेव्हा किती शिव्या घातल्या तिला.
इथं पितळेच्या भोकातून गुमान जाते येते,
वन्स मोअर म्हणणारं कुणी नाही.

दस्तगीर शिकलगार ऑक्टोपॅडवर असतो.
सुटीत तो झेनिट गळ्यात अडकवून हिंडतो.
रशियन कॅमेरा. त्यापेक्षा वीट हलकी.
बटण दाबलं की दाराची कडी पडल्यागत वाजतो.
मीटर कधीच मेलाय,
म्हणून हा तळहात उन्हात धरतो,
जरा वेळ बघतो
आणि म्हणतो, "आठ."
छत्तीस फोटोंचे साडेसातशे रुपये,
त्यामुळं हसा बिसा कुणाला सांगत नाही.

परवा दंडोबाला निघालो दोघं.
भोसे मागं पडलं, चढ लागला,
आणि येझदी खोकली, थुंकली, बसली.
मी कार्बोरेटर काढला, जेट काढला,
आत कुंभारमाशीनं घर बांधलेलं,
एवढंसं, मातीचं, नीट लिंपलेलं.
वाईट वाटलं.
मग दोन्ही हातांत धरून फुंकत राहिलो,
एकदा, दोनदा, सातव्यांदा
पलीकडून वारा आला.
मागं कुठंतरी कडी पडली.

रोल तो घरीच धुतो, न्हाणीत.
गोधडीत हात घालून डब्यात भरतो, औषध ओततो
आणि घड्याळाऐवजी तीनताल धरतो.
सेकंदाला एक मात्रा,
तीस आवर्तनं म्हणजे आठ मिनिटं.
दर समेला डबा हलवायचा की एकाआड एक,
यावर त्याचं स्वतःशीच भांडण चालू असतं.
बाहेर मुलगी टॉवेल घेऊन उभी,
"अब्बा, शाळा!"
आतून फक्त
धा धिं धिं धा.

संध्याकाळी तिच्याच युनिफॉर्मशेजारी
चिमट्याला लटकत होता रोल.
त्यानं ट्यूबलाइटकडं धरून बोट ठेवलं,
"एकोणतीस नंबर बघ."

आभाळ काळं, डांबर पांढरं,
एक माणूस गुडघ्यावर,
ओठांशी काहीतरी धरून
डोळे मिटलेला.

"स्टेजवर तुझे डोळे मिटत नाहीत," दस्तगीर म्हणाला.
"मग कुठं असतात?"
"पैसे देणाऱ्याकडं."
आणि चहा टाकायला आत गेला.

ती एक पट्टी मी मागून घेतली.
प्रिंट तो काढतच नाही, कागद परवडत नाही.
बायकोनं खिडकीत धरून निरखली,
"हे कुठलं वाद्य काढलंय नवीन?"
"कार्बोरेटर."
"आणि दाढी पांढरी दिसतीय की."
"निगेटिव्ह हाय ते. उलटं दिसतं."
"व्हय," म्हणाली,
परत एकदा बघितलं
आणि रेशनकार्डाच्या पिशवीत घातली पट्टी,
गिटारच्या चावीपाशी.

भाद्रपदात गणपती येतील, तेव्हा मागेन.
आत्ता सायलेन्सरमधली काजळी काढायची आहे.