दाब

सिव्हिलच्या बाळंतीण वॉर्डात एकवीस वर्षं
मी कोवळ्या टाचांना सुई टोचते.
तीच सुई, तेवढाच थेंब,
आणि तरी एक पोर असं किंचाळतं
की त्र्यंबक रोडवरची रिक्षा थबकावी,
दुसरं नुसता पाय आखडून घेतं,
तिसरं चक्क जांभई देतं.
वय दोन दिवस.
इतक्यात यांना कुणी लाडावलं,
कुणी धाकात ठेवलं?

फिलोमिना सिस्टर म्हणते, पित्त काय न् कफ काय,
टोपडं घालायच्या आधीच ठरलेलं असतं.
माझ्या ट्रेनिंगच्या वहीत, माझ्याच अक्षरात,
मेंदूतली बदामाएवढी एक गाठ आहे,
कुणाची जरा खुट्ट झालं की उठते,
कुणाची ढोल वाजले तरी निजलेली.
मी दोन्ही मानते,
ड्यूटी संपेपर्यंत.

माझी उठते.
मी दार लावलं की ते तिसऱ्या मजल्यावर कळतं.
दादा हसायचे, सखाहरीचं रक्त आहे पोरीत.
सखाहरी म्हणजे दादांचे आजोबा.
फोटो नाही. एवढंच ऐकलेलं,
की एकदा विहिरीने त्यांची बादली गिळली
तर ते विहिरीवर रुसले,
आठ दिवस पल्याडच्या वस्तीवरून पाणी आणलं.

दादा गेले.
अस्थी घेऊन आम्ही गंगेवर आलो.
उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं,
लाल फडक्यातून लांबोडकी वही सोडली,
आणि थुंकी न लावता, नुसत्या अंगठ्याने,
चार पिढ्या मागे गेले.

मुक्काम जानोरी, तालुका दिंडोरी.
शके अठराशे एकोणपन्नास.
सखाहरी.
टाक इतका रेटलेला
की 'ख'पाशी कागद फाटलाय.
काय झालं असेल त्या दिवशी?
काही झालंही नसेल.
हात तसाच असेल.

मी पान उलटलं.
मागच्या अंगाला ती सही उठून आलेली,
शाई नसलेली, नुसता उंचवटा.
शीर चाचपते त्या बोटाने मी ती चाचपली.
आणि तिच्यावरच, खूप वर्षांनी,
त्यांच्या मुलाने, कचेश्वराने, लिहिलेलं,
मुंगीच्या पायांचं अक्षर,
भोकापाशी येऊन जरा वर चढतं,
वळसा घालून पुन्हा ओळीत उतरतं.

कचेश्वर आजोबांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नाही.
ताटात मीठ नसलं तरी जेवून उठायचे.
मी तिथेच पायरीवर बसले.
हा थंडपणा आईच्या पोटातून आणलेला,
की भोक चुकवता चुकवता
हाताला लागलेलं वळण?
फिलोमिनाला विचारायला हवं.
वहीत याचं पान नाही.

पुढच्या पानावर दादा, बॉलपेनाने,
पुन्हा तोच रेटा.
दवाखान्यात त्यांच्या दंडावर पट्टा फुगला
की डॉक्टर भुवया उंचावायचे.
त्या भुवयांच्या आत कुठेतरी
विहिरीशी अबोला धरलेला माणूस
पल्याडच्या वस्तीवरून कावड आणत होता.

"ताई, तुम्हीही करा सही," उपाध्ये म्हणाले,
"हल्ली लेकींचीही घेतो."
खाली कुणीतरी पाण्यात नाणी शोधत होतं,
एक बाळ टाहो फोडत होतं जावळासाठी,
त्याचा भाऊ, तेवढाच, जुळाच असावा,
वस्तऱ्याकडे कुतूहलाने बघत बसलेला.

मी पेन हलकं धरलं,
टाच धरते तसं.
अगदी हलकं.
नाव लिहिलं, दादांचं, माझं, तारीख.
पान उलटून बघायचं नाही
असं ठरवलं.

बघितलंच.