हॉल ड्युटी, मंगळवार आणि गुरुवार

पत्र्याचं छप्पर, कडप्प्याची लांब बाकं,
एकशे चौऱ्याऐंशी स्टीलची ताटं.
घणसोलीच्या आमच्या शाळेत साडेबारा वाजत नाहीत,
आदळतात.

माझ्या गळ्यात शिट्टी.
पहिला आठवडा ती ऐकू यायची,
दुसऱ्या आठवड्यात पोरं तिच्यात सूर मिसळू लागली.
तोंडावर बोट म्हटलं
की एक बोट तोंडावर,
उरलेली नऊ शेजाऱ्याच्या ताटात.

मग मोठ्या बाईंनी आवाज मोजणारा दिवा आणला,
हिरवा, पिवळा, तांबडा.
दोन दिवस हॉल हिरवा.
तिसऱ्या दिवशी सहावी ब ला शोध लागला
की सगळ्यांनी मिळून बोंब ठोकली तर तांबडा लागतो
आणि तांबडाच सगळ्यात झकास दिसतो.
म्होरक्या प्रणित भोईर.
त्याला मी दाराबाहेर उभा केला.
खिचडी त्याच्या हातात निवत गेली.

त्या दुपारी टोप घासता घासता
बारकीबाई म्हणाल्या, मान वर न करता,
"मास्तर, पोरा नाय वरडत. ताटा वरडतान.
त्यांचे वरतून बोलाचा, तं पोरांनी काय करावा?"

शनिवारी त्यांनी तांदळाची रिकामी पोती उसवली,
धुतली, कुंपणावर वाळत टाकली,
आणि बाकांवर अंथरली, शिक्क्याची बाजू वर.
प्रत्येक ताटाखाली आता निव्वळ वजन पन्नास किलो.

मंगळवारी आवाज अर्ध्यावर आला
आणि खालचं सगळं उघडं पडलं.
पंख्याची एक पाती खडखडत होती,
वर्षभर मी ती पोरांच्या नावावर मांडली होती.
कुणीतरी म्हणत होतं, माझी मटकी घे, मला नाही आवडत,
आणि ते खोटं होतं.
सातवीतली स्वरदा मैत्रिणीला सांगत होती,
महाप्याची कंपनी बंद झाली, पप्पा तरी डबा घेऊन निघतात,
कुणाला बोलू नकोस.
मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

प्रणित दाराबाहेरच थांबला होता, सवयीनं.
आत ये, म्हटलं.
"सर, दिवा काढला?"
हो.
"मग आम्ही किती ओरडतो ते कळणार कसं?"

मी त्याला ताट वाढून दिलं.
त्यानं ते बाकावर ठेवलं. आवाज झाला नाही.
उचललं, पुन्हा ठेवलं, जरा जोरात.
खात्री पटल्यावर
मांडी घालून बसला.

गुरुवारी पोती ओली होती.
गुरुवारचं विचारू नका.