तुलनात्मक तक्ता

मार्चची अखेर. सदरमधलं आमचं कार्यालय.
टेबलावर दोन निविदा, समोर मी : लेखा शाखा, सव्वीस वर्षं.
पहिलीत परवाने, एक कोटी बारा लाख.
दुसरीत त्याच ओळीसमोर : निरंक.

निरंक हा शब्द आमच्याकडे फार संशयाचा.
वऱ्हाडपांडे साहेब चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
'फुकट देऊन राहिले? मग काहीतरी घोळ असेल. बघून घ्या, मॅडम.'
फुकट नाही, साहेब. मुक्त.
असं मी म्हणाले नाही.
आमच्या फायलींत मुक्त एकाच वाटेनं येतो :
कार्यमुक्त, म्हणजे बदली झालेला माणूस.

खिडकीशी लटारू पौनीकर. तांडापेठ.
चौथ्यांदा आलेत, वारस नोंदीसाठी.
नोंद आहे. नव्याण्णव साली मीच टाइप केली,
नवी नोकरी, नवा संगणक, कंपनीचा मराठी फॉन्ट.
आज उघडली तर त्यांच्या आईच्या नावाजागी
पौंडाची खूण, टोपीवाला ई, उलटं प्रश्नचिन्ह.
त्या फॉन्टचं कुलूप म्हणजे एक निळा डोंगल,
लोखंडी कपाटात, लाखेच्या कांडीशेजारी.
पंचवीस दात त्याला,
आणि ते बसतील असं तोंड आता एकाही मशीनला नाही.
कंपनी आहे अजून. पत्राला उत्तरही देते :
जुनं उघडायचं तर नवं घ्या.
कागद होता, तो वाळवीनं नेला.
'बाई, माह्या मायचं नाव तुमच्यापाशीच हाये नं?'
आहे, भाऊ. आमच्यापाशी आहे.
आमचं नाही.

दुसरी निविदा संघमित्रा गजभियेची.
इंदोऱ्यात, पिठाच्या गिरणीवर, चार मशीन, तीन माणसं.
अट क्रमांक नऊ : वार्षिक उलाढाल पन्नास कोटी.
ही अट कोणी घातली ते नस्तीत नाही.
पहिलीच्या माहितीपत्रकात मात्र ती
स्वल्पविरामासकट सापडते.

पण खोटं कशाला लिहू.
सोळा साली असाच एक मुलगा सगळं मोफत बसवून
बंगळुरूला निघून गेला.
मे महिन्यात पगारबिलं अडकली, अकरा दिवस.
फोन उचलायला कोणी नव्हतं.
शिपाई गणवीर यांच्या पोरीची फी थांबली.
ते बोलले काही नाहीत,
माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास आणून ठेवत राहिले, रोजच्यासारखा.

व्हरांड्यात नौशादभाई कूलर उघडून बसलाय.
मागच्या उन्हाळ्याचं गवत काळं, पंपात शेवाळ,
पान्हा, पक्कड, तोंडात दोन स्क्रू.
पत्रा कामठी रोडवर ठोकलेला,
मोटर कुठली ते त्यालाही आठवत नाही,
तरी झाकण काढायला कोणाची परवानगी लागत नाही.
साहेबांच्या एसीला कंपनीचा माणूस येतो,
तो येईपर्यंत साहेब आमच्याकडे बसतात, वाळ्याच्या वासात.
किती झाले, मी विचारलं.
'आठशे, मॅडम. वाळ्याचे वेगळे.'
उघडता येतं म्हणून मजुरी चुकत नाही.
हेही लिहायला हवं.

तक्त्यात सहा रकाने असतात. नमुना ठरलेला.
मी पट्टी धरून पेन्सिलीनं सातवा आखला :
उद्या सोडून जायचं झालं, तर किती?
संघमित्रासमोर लिहिलं :
दोन माणसांचा पगार, दर वर्षी, आमच्याच आस्थापनेवर.
कोटी बारा लाखांसमोर आकडा सुचेना.
पौनीकरांना विचारायला गेले, तर खिडकी रिकामी,
जेवणाची सुट्टी झालेली.

'हा रकाना नमुन्यात नाही,' साहेब म्हणाले.
नाही, सर.
खोडरबर त्यांच्याच हाताशी होतं.
त्यांनी ते उचललं नाही, अजून.
तेवढ्यात कूलर सुरू झाला, कागद उडायला लागले,
आणि वजन म्हणून मी तक्त्यावर
तो निळा डोंगल ठेवला.