हनुवटी

लोममध्ये, डॅन्यूबच्या काठाला, माझं झेरॉक्सचं दुकान.
शाळेचे दाखले, जुन्या ट्रॅक्टरच्या जाहिराती,
आणि आमच्या बल्गेरियातली रीत म्हणून
मेलेल्यांचे कागद: काळी चौकट, फोटो, नाव, वय.
ते फाटकावर लावायचे, बसथांब्यावर, लिंडनच्या बुंध्यावर.
चाळीस दिवसांनी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा. वर्षानं पुन्हा.
आमच्याकडे माणूस एकदाच मरत नाही,
हप्त्याहप्त्यानं मरतो.

त्या हिवाळ्यात दुकान जोरात चाललं.
सांगायला लाज वाटते, पण टोनरचं बिल समोर आहे.

सकाळी नर्स झ्लात्का आली.
"बुधवारी नऊपासून लस. मोफत." पन्नास प्रती.
एक कुपी सहा जणांना पुरते, म्हणाली,
आणि उघडली की सहा तासांत संपवायची.
मागच्या बुधवारी दोघं आले.
चौघांची मी बेसिनमध्ये ओतली,
नळ सोडला, आणि उगाच हात धूत राहिले.

दुपारी पेंचो गुरुजी, भूगोलाचे, निवृत्त.
वहीच्या कागदावर तेच ते वळणदार अक्षर
ज्यानं आम्हाला नद्यांची नावं शिकवली:
सुईतून अंगात काय शिरतं,
आकडे कोण फुगवतं, त्यात कोणाचं किती.
दोनशे प्रती.

मी दोन्ही छापलं.
एकाच ट्रेमधला कागद, एकच काळा रंग.
यंत्राला काय कळतंय.
मला कळत होतं.

म्हटलं, गुरुजी, हे कुठून आणलंत?
त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं,
"शहाऐंशीचा एक मे आठवतो?"
आठवत होता. मी दुसऱ्या रांगेत,
हातात तारेच्या देठाचं कागदी फूल.
"पाऊस होता. तिकडे वर अणुभट्टी फुटली होती.
रेडिओ म्हणत होता, सगळं ठीक.
मी रेडिओचं ऐकलं.
अठ्ठावीस मुलं पावसात उभी केली,
वर सांगितलं, टोप्या काढा, सलामी द्या.
अजून रात्री डोकी मोजतो मी."

दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो, म्हणतात.
गुरुजींनी ताकाचं भांडंच रस्त्यात उपडं केलं
आणि दारोदार सांगत गेले, विष होतं.
पण पोळले होते ते. खरंच पोळले होते.
म्हणून मी गप्प बसलो.
की दोनशे प्रतींचे पैसे सुटे मिळाले म्हणून?

फेब्रुवारीत त्यांची बायको आली, त्सोन्का.
"तिथं नळी घालून मारलं त्यांना," म्हणाली.
नर्स झ्लात्का काउंटरपाशीच उभी होती.
काही बोलली नाही.
आपल्या पन्नास प्रती छातीशी धरून
बाजूला सरकली, त्सोन्काला खुर्ची दिली.

फोटो एकच, फोनमधला, बाजारातला:
हातात मुळ्यांची जुडी, चेहरा हसरा,
आणि मास्क हनुवटीखाली ओढलेला.
"हे फडकं काढ. त्यांना आवडत नव्हतं."

काढलं. खाली काहीच नव्हतं.
गळ्यापासून ओठापर्यंत नुसती निळसर पोकळी.
अर्धा तास माऊस फिरवत बसलो.
कोणाची लावायची? माझी? अशाच कुणाची?
मग आठवली:
दुसऱ्या रांगेतून, खालून पाहिलेली,
झेंड्याकडे वर उचललेली,
डाव्या बाजूला वस्तऱ्याची बारीक चीर,
आणि टोकावरून टपकणारं पावसाचं पाणी.

चीर काढली. पाणी नाही काढलं.

त्सोन्का पडद्याजवळ वाकली.
बराच वेळ बघत राहिली.
"हां," म्हणाली, "अगदी खरे. तीस दे.
आणि फाइल पुसू नकोस,
चाळीस दिवसांनी येते."