करनेल तिरणी

पत्र बॅलरॅटहून आलं.
गोल इंग्रजी अक्षर, खाली सही : ब्रिजिड टिअर्नी, वय एक्याऐंशी.
तिला कुणीतरी सांगितलं होतं
ग्वाल्हेरात एक बाई अजून मोडी वाचते.
वाचते. चष्मा आणि दुपार दोन्ही हाताशी असली तर.

तिचं म्हणणं थोडक्यात असं :
आयर्लंडातून निघाले तेव्हा पाच भाऊ होते,
बोटीतून उतरले तेव्हा तीन.
एकानं जमीन धरली. दोघं सोन्यासाठी खाणीत गेले.
दोघांतला एक वर आला, खोकला घेऊन,
आणि तोही जमिनीकडे वळला, घोडे वाढवू लागला.
त्याचा धाकटा कॉन, हिच्या आजोबांचा भाऊ,
अठराव्या वर्षी चाळीस घोड्यांबरोबर बोटीवर चढला,
हिंदुस्थानात विकायला.
घोड्यांचे पैसे घरी पोचले.
कॉन नाही.

मुरारच्या कबरस्तानात तो नाही.
पलटणीच्या यादीत नाही. असणार कसा,
शिपाई थोडाच होता.

तीन आठवडे मी पागेचे रुमाल सोडत बसले.
दप्तरखान्यातले शुक्लाजी माझ्या शिंका मोजायचे.
घोडे लगेच सापडले.
संवत एकोणीसशे सत्तेचाळीस, फाल्गुन. नग अडतीस.
कुमैत, सुरंग, मुश्की,
कपाळी चांदणी, डावा मागचा पाय पांढरा,
उंची मुठींत, दात मोजलेले,
आईबापांच्या नावांसकट.
माणूस मात्र कुठंच नाही.

नाही म्हणायला एक करनेल होता.
‘करनेल तिरणी यांसी शिधा.’
असेल कुणी बडा साहेब, म्हणत
तीनदा मी ते पान उलटलं.
चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं,
बोरू धरणाऱ्याच्या कानानं,
आणि एकटीच हसत सुटले.
कॉर्नेलियस!
पोरानं नाव सांगितलं, कारकुनानं हुद्दा लिहिला,
आणि घोड्यांना खरारा करणाऱ्या त्या पोराला
दरबारातून अकरा महिने कर्नलाचा शिधा गेला :
तांदूळ, तूप, साखर, आठवड्याला एक बकरं.
खाली वेगळ्या शाईत,
‘साहेब हे घेत नाहीत. बटाटे मागतात. रोज दोन शेर.’

मग माघ.
‘करनेल यांस ज्वर. पागेतच ठेविले.’
‘करनेल यांचे कफनास मांजरपाट, हात सात.’
‘चांदणी घोडी दोन रोज दाणा खाईना.’
त्यापुढं गवताचा हिशोब.

सगळं उतरवलं, इंग्रजी केलं, धाडलं.
बटाट्यांचं वाक्य ठेवावं की गाळावं,
दोन दिवस घोळ घातला. ठेवलं.

उत्तराला दीड महिना लागला.
कर्नल झाला हे ऐकून अख्खं घर हसलं म्हणे,
कुत्र्याचंसुद्धा नाव आता कर्नल आहे.
मग एक ओळ मोकळी सोडून :
आमच्याकडे बटाट्याची सालही टाकत नाहीत.
का ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि शेवटी,
तुमचे लोक मूळचे कुठले?

त्या पानाखाली सही आहे, दाजी यशवंत.
आमच्यात एक दाजी होते, पागेतच होते.
पण त्यांचे वडील यशवंत की येसाजी,
हे सांगू शकणारी माणसं गेली.
सातारच्या बाजूचे आम्ही, एवढंच.
पाच पिढ्यांत तिकडे कुणी फिरकलेलं नाही.
दर चैत्रात देवाला मनीऑर्डर जाते,
पाकिटातून अंगारा येतो,
पाकिटावरचा शिक्का कधी नीट उमटत नाही.

मी लिहिलं : लश्कर, ग्वाल्हेर.
तिला अर्थ कळावा म्हणून पुढं लिहायला घेतलं,
म्हणजे फौजेचा तळ, चार दिवसांचा,
मुक्काम हलेपर्यंतचा
आणि तिथंच पेन ठेवून
कुकर उतरवायला उठले.