आठवड्यातून दहा मिनिटं

एस्टीम दोन हजार तीनची. मी तिचा तिसरा मालक.
बटण दाबलं की आधी टक् व्हायचं
आणि मग गार.
यंदा बटणावरचा दिवा लागतो, टक् होत नाही.

मे महिन्यात ग्वाल्हेरला सगळ्यांचंच काहीतरी बिघडतं:
कूलरची मोटर, दूध, कुमुदचा स्वभाव.
त्यात हे.

शिंदे की छावणीत हरकिशनचं दुकान,
म्हणजे एक कडुनिंब आणि त्याला टांगलेले पट्टे.
त्यानं कंप्रेसरच्या पोटाखालून दोन बोटं फिरवली
आणि माझ्यासमोर धरली. चकाकत होती.
"गैस की तो बू होती नहीं बाबूजी,
तेल बोलता है."

आत रंग सोडला, थोडा गॅस भरला.
दोन दिवस चालवून या म्हणाला.

तो रंग अंधारातच दिसतो.
आणि भर बारा वाजता, इथे, अंधार आणायचा कुठून?
हरकिशननं घरून रजई आणली,
लाल साटिनची, लग्नातली असावी,
बॉनेटवर टाकली, आणि आम्ही दोघं आत शिरलो.
तापलेलं रबर, जुना कापूस, त्याच्या तोंडातला गुटखा.
निळा टॉर्च इकडे फिरला, तिकडे फिरला,
आणि क्लचच्या मागे, दांड्याभोवती,
एक हिरवं वलय.
नव्या नवरीच्या चुड्यातली एकच बांगडी जशी,
ओली.

"शाफ्ट सील. चलाते नहीं थे क्या?"

चालवायचो की.
कुमुदची बहीण आली की, स्टेशन ते घर.
बाकी काचा खाली.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले मी,
लश्कर ते मुरार, घरोघर फिरणारी ती चकती,
तिच्यावरची तांबडी खूण.
कुठलंही बटण दाबताना
ती खूण माझ्या डोळ्यांपुढून एकदा जातेच.

रबर चालवल्यानं झिजत नाही, हरकिशन सांगत होता.
गॅस फिरला की तेल फिरतं, तेलानं रबर ओलं राहतं.
उभं ठेवलं की सुकतं.
"सर्दी में भी. हफ्ते में दस मिनट."
थंडीत एसी? वेड लागलंय का तुला?
मराठीत बोललो. त्याला कळलं.

नवा कंप्रेसर बारा हजार, दिल्लीचा जुना पाच,
सील तीनशे ऐंशी.
मी मीटर वाचायचो तसा त्यानं माझा चेहरा वाचला.
"सील डालते हैं."

जुनं सील माझ्या तळहातावर ठेवलं.
नख लावलं तर तडकलं.

मग पंप लावून आतली सगळी हवा ओढली,
काटा शून्याच्या खाली, तिशीवर.
पंप बंद. आता अर्धा तास.
हलायला नको.

उलट्या क्रेटवर बसलो.
जे हललंय तेच वाचत आलो आजवर,
किती हललं त्याचे पैसे लावले लोकांना.
लू वाहत होती. वर किल्ला उन्हानं पांढरा पडलेला.
एक शेळी पट्ट्याचा तुकडा हुंगून गेली.
हरकिशन डबा खाऊन हात धुऊन आला.
काटा तिथेच.
कुमुदचा फोन: झालं का?
म्हटलं, अजून काहीच होत नाहीये.
म्हणाली, मग एवढे खूश कशानं?

टक्.

आता जानेवारी. धुक्यात समोरचं फाटक दिसत नाही.
गाडी दारातच उभी, इंजिन चालू, एसी पूर्ण.
पेपरवाला सायकल थांबवून बघतो:
माकडटोपीतला म्हातारा, शेजारी शालीत बायको,
दोघांच्या तोंडावर बर्फासारखा वारा.
तिथे बसलं की काही ना काही बोलणं निघतं.
परवा तिनं माहेरच्या विहिरीचं सांगितलं,
कधी सांगितलं नव्हतं.
आठव्या मिनिटाला माझा हात बटणाकडे जातो.

"अजून दोन," कुमुद म्हणते
आणि शाल घट्ट करते.